सूत्रात आकडे टाका

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, लातूर मुक्कामी एका थंडगार केबिनमध्ये, चहा आणि बिस्किटांच्या साक्षीने, प्रस्तुत इसमास 'आकडे टाका' हे शब्द उच्चारण्यास मनाई करण्यात आली. मनाई अद्याप उठलेली नाही. इसमही अद्याप सुधारलेला नाही.

इसम म्हणजे मी. पन्नाशीला टेकलेला. पोट पुढं, आवाज त्याच्याही पुढं. मुदखेडजवळच्या एका विनाअनुदानित शाळेत विज्ञान शिकवून राहिलो होतो, म्हणजे फुकट शिकवून राहिलो होतो. गेल्या उन्हाळ्यात लातूरच्या एका मोठ्या क्लासचं बोलावणं आलं. दहावीच्या पोरांसमोर एक तास घेऊन दाखवा. जमलं तर नोकरी.

क्लासच्या मालकांना सगळे मोठे सर म्हणतात. तासाआधी त्यांनी चहा पाजला, चौकशी केली. आडनाव. गाव. चाकूर तालुका, म्हणालो.

"गावात घर कोणत्या अंगाला?"

आमच्याकडं जात न विचारता जात विचारायची असली की हा प्रश्न विचारतात. मी सांगितलं, ओढ्यापलीकडं. मोठे सर "बरं, बरं" म्हणाले आणि बिस्किटांची बशी माझ्याकडं सरकवली. हातानं नाही. पेनाच्या टोकानं.

हॉल गच्च भरलेला. मी रंगात. गणित घातलं शेगडीचं, कॉइलच्या शेगडीचं. विभवांतर दोनशे तीस व्होल्ट, धारा पाच अँपिअर. रोध किती, शक्ती किती? कॉइल कशी हळूहळू लाल होत जाते ते मी डोळे वटारून, गाल फुगवून करून दाखवलं. पोरं खूश. फळ्यावर सूत्र लिहिलं, रोध म्हणजे विभवांतर भागिले धारा. मागं वळलो आणि म्हणालो, "आता सूत्रात आकडे टाका."

जन्मभर हेच म्हणत आलोय. सगळेच मास्तर म्हणतात.

शेवटच्या बाकावरून मोठे सर बोलले. शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आकडे टाकायला तुम्हाला कुणी शिकवायची गरज पडली नसेल. ओढ्यापलीकडं पिढ्यान्पिढ्या तेच चालतं."

अख्खा हॉल हसला.

ज्यांना हसू आलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बांबूच्या टोकाला वायर बांधायची, ती खांबावरच्या तारेत अडकवायची आणि वीज घरात घ्यायची, याला आकडा टाकणं म्हणतात. चोरीची लाईट.

होते आमच्या वस्तीत आकडे. खांब गावात आले आणि ओढ्यापाशी थांबले. तारा मात्र आमच्या डोक्यावरून पुढं गेल्या, थेट मळ्यांकडं. आमच्या अंगणात उतरायचा त्यांना विटाळ होत असावा. बाप मीटर मागून मागून थकला. मग बापानं बांबू तोडला.

हे सगळं मला फळ्यासमोर आठवलं. आणि मी काय केलं? हसलो. त्यांच्याबरोबर, दात काढून. हसत हसत गणित पुरं केलं. दोनशे तीस भागिले पाच, सेहेचाळीस ओहम. दोनशे तीस गुणिले पाच, अकराशे पन्नास वॅट. उत्तरं बरोबर.

मग केबिन. मोठे सर खूश होते.

"शिकवता झकास. उद्यापासून या. फक्त ते 'आकडे टाका' नको. पोरं हसतात. 'किमती ठेवा' म्हणा. आणि कुणी विचारलं तर चाकूरकडचे, ओढ्यापलीकडचे, असलं काही सांगू नका. नांदेडचे म्हणा. बरं दिसतं."

दर महिन्याला पगार, तोही बँकेत. सकाळी डबा हातात देताना बायकोनं माझी कॉलर दोनदा नीट केली होती. एवढी आशा लावून बसली होती ती. मला फक्त 'हाव सर' म्हणायचं होतं. 'हाव' जिभेवर आलंही होतं.

तेवढ्यात त्यांनी बशी सरकवली. पुन्हा पेनानं.

"किमती तुम्ही ठेवा, सर," मी म्हणालो. "ओढ्यापलीकडच्या माणसांची किंमत कधी ठेवली न्हाई. सूत्रात तरी ठेवा."

"अहो, मनाला काय लावून घेता? गंमत केली मी."

"हाव. मीबी गंमतच करायला चाललो."

उठलो तो सरळ हॉलमध्ये. मागून मोठे सर "अहो, अहो" करत. पोरं अजून बसलेलीच होती. मी मार्कर उचलला.

"एक गणित राहिलं," म्हणालो. आणि सगळं करून दाखवलं. बापाचा बांबू, वायरचं टोक, ठिणगी, "सरक की मेल्या, चिकटशील" म्हणून ओरडणारी आई. मग फळ्याकडं वळलो. विभवांतर दुप्पट करा, धारा दुप्पट होते. रोध तेवढाच राहतो. समोरच्यानं कितीही जोर लावला तरी तो जागचा हलत नाही.

"मघाशी तुम्ही हसलात, मीबी हसलो. ते माझं शेवटचं. ह्या क्लासात मी शिकवणार न्हाई. जिथं शिकवीन तिथं पहिल्या तासाला आधी माझं घर कोणत्या अंगाला ते सांगीन, मग सूत्र. आणि सूत्रात आकडेच टाकीन. ज्याला हसायचं त्यानं आत्ता हसून घ्या."

कुणी हसलं नाही. टाळ्या पडतील असं मला वाटलं होतं, नाटक्या माणूस मी. त्याही पडल्या नाहीत. मोठे सर दारात उभे होते, पोरं आळीपाळीनं त्यांच्याकडं आणि माझ्याकडं बघून राहिली होती. दुसऱ्या बाकावर एक पोरगी होती. मघाशी सगळ्यात मोठ्यानं तीच हसली होती. ती उठलीसुद्धा नाही. फळ्याकडं बघता बघता तिच्या तोंडून निघून गेलं,

"आमच्या मळ्यातल्या मोटारीलाबी आकडाच हाय की. आमाला तर कुणीच हसत न्हाई."