मधला सेन्सर

मिस्त्रींचं वय साठीला टेकलं होतं. गुडघ्यांनी त्याआधीच हात टेकले होते. हायब्रिड गाड्यांच्या बॅटऱ्या गॅरेजात त्यांच्याशिवाय कुणी उघडत नसे, पण हल्ली त्यांना त्याचा अभिमान नव्हता, नुसता शीण होता. त्यात एक पांढरी टॅक्सी महिन्यात तिसऱ्यांदा दारात आली. बॅटरी तापल्याचा तोच दिवा, तपासणीच्या यंत्रावर बिघाडाचा तोच कोड. बॅटरीत तापमान सांगणारे तीन सेन्सर असतात. त्यातल्या मधल्याला खोटारडा ठरवून मिस्त्रींनी तो दोनदा बदलला होता.

गॅरेजचे मालक म्हणाले, आता बॅटरीच बदला. टॅक्सीवाल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, की नव्या बॅटरीचा खर्च झेपणार नाही, गाडी विकावी लागेल, आणि गाडी गेली की त्याही घरी बसतील. मिस्त्रींनी एका दिवसाची मुदत मागून घेतली.

सकाळी त्यांनी गार गाडीचे आकडे पाहिले. रात्रभर उभ्या गाडीत तिन्ही सेन्सरनी बाहेरच्या हवेइतकंच तापमान सांगायला हवं. जो वेगळं सांगेल तो खोटा. बाहेर एकवीस अंश होतं. तिघेही एकवीस म्हणत होते. मिस्त्री स्टुलावर बसूनच राहिले. बहुतेक वेळा सेन्सरच बिघडलेला असतो, म्हणून ही साधी परीक्षा त्यांनी दोन्ही वेळा टाळली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, तीही दोनदा. मिस्त्रींना मनापासून लाज वाटली.

बाईंना त्या दिवशी आईला इस्पितळात न्यायचं होतं. मिस्त्री यंत्र मांडीवर घेऊन पुढे बसले. आई मागच्या सीटवर जाडजूड उशीला टेकून कलंडल्या. मधला सेन्सर अडतीसवर गेला, मग पंचेचाळीस, मग एकावन्न. दिवा लागला. मिस्त्रींनी मागे वळून पाहिलं. सीटच्या कडेला एक जाळी असते, तिथूनच पंखा बॅटरीसाठी गार हवा ओढतो. ती जाळी उशीनं पार बुजली होती. त्यांनी उशी दुसऱ्या बाजूला लावून दिली. थोड्या वेळानं आकडा उतरू लागला.

"बॅटरी धडधाकट आहे," मिस्त्री म्हणाले. "दोन चांगले सेन्सर मी उगीच काढले. मालकांना मीच सांगतो."

बाईंनी आरशातून मागे आईकडे पाहिलं.

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आई गाडीत असली की दिवा लागतो. तुम्ही म्हणालात, दिव्याला काय कळतंय आई कोण ते."

मिस्त्रींना आठवलं. तेव्हा स्वतःच्याच त्या विनोदावर ते पोट धरून हसले होते.