पाच गावांच्या चिठ्ठ्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दारूच्या नशेत नाही, देवासमोर तर नाहीच — त्याला माहीत असेलच, मग तिथं कशाला तोंड वाजवायचं? तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ऐकून झाल्यावर ओळख ठेवावीशी वाटली नाही, तर उत्तमच.

मी भंडाऱ्यातला पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागच्या ओळी, राईस मिलच्या भिंतीवरची नावं — सगळं हातानं. फ्लेक्स आला आणि माझे ब्रश वाळून गेले, ते जाऊ द्या. तुमसरला एक ऑर्केस्ट्रा होता. लोक त्यांना काळे कोटवाले म्हणत. त्यांच्या मोठ्या ड्रमवरचं नाव दर दिवाळीआधी मीच रंगवून द्यायचो, हौसेनं. हिंदी गाणी काय, सगळेच वाजवतात. पण हे लोक मध्येच गाणं सोडून द्यायचे, बेस गिटार आणि ड्रम भांडायला उठल्यासारखे वाजायचे, आणि तो ठेका सरळ कमरेत शिरायचा. भाच्यानं परवा मोबाइलवर दाखवलं, परदेशात असल्या वाजवण्याला फंक म्हणतात म्हणे. असेल. आम्ही नुसते नाचायचो.

सव्वीस वर्षं मी त्यांच्या मागे फिरलो. दिवाळी झाली की आमच्याकडे मंडया सुरू होतात, आज या गावची जत्रा तर उद्या त्या गावची. जिथं काळे कोटवाले, तिथं मी. लाखांदूरकडे एसटीनं, नदीपलीकडच्या कारध्याला पायी. मुलीच्या बारशाला उशिरा पोचलो. मेव्हण्याच्या लग्नात पान वाढलेलं सोडून उठलो. कुणासाठी? सॅक्सोफोन वाजवणाऱ्या सुदामभाऊंसाठी. त्यांची स्वतःची एक चीज होती, रेल्वेची धून. त्यात ते इंजिनाच्या शिट्टीसारखा एक सूर धरायचे, एकाच दमात, आणि लोक टाळ्या वाजवून मोजायचे. चाळीसच्या पुढे टाळ्या गेल्या की मंडप वेडा व्हायचा. आणि सगळ्यात वेडा मी.

मग असं काय झालं? काही नाही. खरंच काही नाही — हेच तर सांगायला जीभ रेटत नाही.

लाखांदूरकडच्या एका मंडईत मी नेहमीसारखा पुढच्या रांगेत होतो. सुदामभाऊंनी माइक हातात घेतला, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "हा पेंटर पाहा, आमच्या मांगं मांगं फिरते. याले घरी बायको घुसू नाई देत वाटते!"

मंडप हसला. मीही हसलो, दात दाखवून. बायको मागच्या बाजूला बायकांत बसली होती, ती हसली नाही.

थट्टा होती हो. सव्वीस वर्षांच्या ओळखीत एवढा हक्क असतो माणसाला. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. सव्वीस वर्षं, आणि यांच्या लेखी मी कोण? मागं मागं फिरणारं कुत्रं? वर्षभर मी तो राग पाळला. त्याला खाऊ-पिऊ घातलं.

आणि मला एक गोष्ट माहीत होती, जी त्या मंडपात इतर कुणालाच माहीत नव्हती. सुदामभाऊ दिवसा राईस मिलमध्ये कामाला असत. मिलची भिंत रंगवताना मी त्यांना पोत्यांवर बसून खोकताना पाहिलं होतं. धानाच्या कोंड्यानं छाती खाल्ली होती. रेल्वेची धून वाजवायची त्यांनी गुपचूप सोडून दिली होती. लोकांना वाटलं, नवी गाणी आली. का सोडली ते मला ठाऊक होतं. इतकं बारीक ऐकणारा दुसरा होता कोण?

पुढच्या वर्षी कारध्याच्या मंडईत दुपारी त्यांचा कार्यक्रम होता. आता आमच्याकडची एक रीत ऐका. मंडईला घरोघर बाहेरगावचे पाहुणे येतात. फर्माइशीच्या चिठ्ठीवर पाहुण्यांच्या गावाचं नाव असलं, की ऑर्केस्ट्रा नाही म्हणत नाही. म्हटलं तर त्या गावाचा अपमान. मी आदल्या दिवशी घरी बसून पाच चिठ्ठ्या लिहिल्या. पाच गावांच्या नावानं, पाच वेगवेगळ्या अक्षरांत. एक शाळकरी मुलीचं, एक मास्तरचं वळणदार, एक जेमतेम सही शिकलेल्याचं. हात माझा पोटासाठी तेच तर करत आला होता. पाचही चिठ्ठ्यांत एकच मागणी — रेल्वेची धून.

निवेदकानं एकेक गाव मोठ्यानं वाचलं. सुदामभाऊंनी दोनदा नाही म्हणून मान हलवली, मग कोटाची बटणं लावली आणि उभे राहिले. सूर लागला. टाळ्या मोजायला कुणीतरी सुरुवात करावी लागते.

पहिली टाळी माझी होती.

अकरावर सूर तुटला. त्यांनी पुन्हा धरला, सातवर खोकला आला, तो थांबेना. मागून कुणी ओरडलं, म्हातारं दमलं रे! मंडप हसला. तोच हसण्याचा आवाज, एक वर्षानं, आणि या वेळी मी मनापासून हसलो. गोड लागलं मला ते. खोटं कशाला बोलू?

त्यांनी सॅक्सोफोन खुर्चीवर ठेवला. पुन्हा कधी तोंडाला लावला नाही. दोन वर्षांत काळे कोटवाले संपले.

आता मी दर बुधवारी तुमसरला त्यांच्या घरी जातो. लोक म्हणतात, असा चाहता पाहिला नाही. सुदामभाऊंची नजर गेली आहे, माझी चाहूल लागली की ते गादीखालून प्लास्टिकची पिशवी काढतात. त्यात त्या पाच चिठ्ठ्या आहेत. निवेदकाकडून मागून घेतल्या होत्या त्यांनी.

"वाच ना रे पेंटर," ते म्हणतात. "पाच गावचे लोक माहा सूर मागून राहिले होते. अन् मी नाई देऊ शकलो."

मी वाचतो. एकदा चौथ्या चिठ्ठीवर मी मध्येच थांबलो, तर म्हणाले, "काहून थांबला? अक्षर खराब हाये का?"

नाही भाऊ, म्हटलं, अक्षर चांगलं आहे.

उद्या बुधवार आहे. मी जाईन, आणि पाचही वाचीन.