स्वतंत्र दरवाजाची खोली

चप्पल मी फाटकाबाहेर काढली. सगळं तिथंच झालं.

फाटकाच्या आत अंगण. अंगण संपलं की ओटा. ओट्याच्या पायरीशी घरातल्यांच्या, आल्यागेल्यांच्या चपला. मी मात्र माझी चप्पल रस्त्यावरच सोडली, शेणाच्या पोवाजवळ, आणि अनवाणी आत शिरलो. चंद्रपूरचं मे महिन्यातलं ऊन. अंगणातली फरशी तव्यासारखी. मी एक पाय उचल, दुसरा टेकव असं करत ओट्यापर्यंत नाचत गेलो. खोली मागायला आलेला सरकारी बाबू नाचत येतो आहे, हे घरमालकांनी झोपाळ्यावर बसून शांतपणे पाहिलं. माझे पाय पाहिले. मग मान उंच करून फाटकाबाहेरची चप्पल पाहिली. मग माझं तोंड.

आणि हसले. गोड.

त्यांना सगळे गुरुजी म्हणत. रिटायर हेडमास्तर. फाटकावरून मी नाव, आडनाव, ऑफिस सगळं ओरडून सांगितलं होतं. माझं आडनाव मोठं सोयीचं आहे. आमच्याकडे ते कुणब्यात सापडते, गोंडात सापडते, आमच्यातही सापडते. त्याच्या आडोशाला मी बरीच वर्षं सुखानं उभा होतो. आडनाव ऐकून गुरुजींचा चेहरा कोरा राहिला होता. चप्पल पाहून तो भरला.

मोठ्यांच्या घरात पाय ठेवायचा तर चप्पल हद्दीबाहेर, हे कोणाच्या पायात असते ते त्यांना माहीत होतं. हेडमास्तर होते ते. पोरांच्या पाटीपेक्षा पायच जास्त पाहिले असतील.

गुरुजी म्हणाले, "खोली द्यायला माझी ना नाही. मी जातपात मानत नाही. आयुष्यभर वर्गात हेच शिकवलं. पण घरात आई आहे. जुनं माणूस, तिला समजावता येत नाही. तुम्ही मागच्या गल्लीतून येणंजाणं ठेवा. तुम्हालाही मोकळीक."

जात मी सांगितली नव्हती. त्यांनी विचारली नव्हती. दोघांचंही काम चपलेनं करून टाकलं.

मी तिथूनच परत फिरायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "चालते की, गुरुजी."

वरून थँक्यू म्हणालो.

बाहेर आलो तर एक चप्पल कुत्र्यानं नेलेली. हा माणूस काही बोलणार नाही, हे त्यालाही समजलं असावं.

बदली होऊन आलो होतो मी. गाव आरमोरीच्या पुढं, जंगलात. तिथून चंद्रपूर म्हणजे आम्हाला मुंबईच. शहराभोवतीच्या परकोटाचे दरवाजे, ऑटोंची कलकल, कोळशाचे ट्रक, दूर थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्या. कोणत्या मोहल्ल्यात कोण राहते, कुठं पाणी येते, कुठं पोरगी शाळेत एकटी जाऊ शकते, काही माहीत नाही. चुलतभाऊ तेवढा शहरातला. दादा. कोळशाच्या खाणीत होता. रेल्वेच्या रुळापलीकडं, डब्यांत कोळसा भरतात त्या सायडिंगजवळ आपली वस्ती, तिथं राहायचा. माझ्यासाठी त्यानं शेजारीच दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या. समोर विहार. विहिरीला बारमाही पाणी. सायडिंगवरून उडणारा कोळसा मात्र दोरीवरच्या कपड्यांवर बसायचा. तिथल्या माणसांना धुळवडीची गरजच नव्हती.

मी म्हणालो, "पोरीची शाळा दूर पडते, दादा."

शाळा दूर पडत होती. खोटं नव्हतं ते. पण पूर्ण खरंही नव्हतं. मला वस्तीतून बाहेर पडायचं होतं. मी शिकलो कशाला? ज्या गल्लीत पोरांच्या हातात पुस्तकं दिसतात, बाया कमी आवाजात बोलतात, तिथं मला राहायचं होतं. हे दादाच्या तोंडावर कसं सांगणार? म्हणून शाळा पुढं केली.

दादा हसला. म्हणाला, "जा बाप्पा. पण मोहल्ला शाळा पाहून नाई समजत. आपल्यासाठी कोन्तं दार उघडते ते पाहाय."

मी पाहिलं. आणि बायकोला गावी जाऊन सांगितलं, "खोली एक नंबर. सेपरेट दरवाजा आहे. घरमालकाची कटकट नाई."

"सेपरेट?" ती म्हणाली. "बाप्पा! सायेबावानी."

मी साहेबासारखा गप्प बसलो.

सामान घेऊन आलो त्या दिवशी मी हातगाडी सरळ मागच्या गल्लीत नेली. ती गल्ली घरांच्या पाठी पाहत जाते. तेव्हा त्या भागात टोपल्यांचे संडास होते, आणि त्यांची झाकणं गल्लीत उघडायची. बायको दारात उभी राहिली. तिनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. नाकाला पदर लावला.

"दार इथी उघडते काय?"

"हो. हवा येते."

हवा येत होती. कशाची ते काय सांगू?

खोलीला दुसरंही दार होतं, अंगणात उघडणारं. त्याची कडी पलीकडून लावलेली. त्या गल्लीचा वापर करणारे दोघंच. सकाळी टोपलं उचलायला येणारी सफाईवाली आणि आम्ही. आता खरं बोलायचं तर बोलतो. मला लाज दाराची वाटली नाही. त्या बाईच्या संगं मोजल्या जाण्याची वाटली. बाबासाहेबांचं नाव घेणारा माणूस मी. ती दिसली की पेपर तोंडावर धरायचो. माझी बायको तिला चहा द्यायची, आमच्याच कपात. दोघी उंबऱ्याशी बसून बोलायच्या. मी आतून म्हणायचो, "लवकर आटपा, मले ऑफिस आहे." ऑफिसला अजून तास असायचा.

एकदा गुरुजींचं वाचनालयात समतेवर भाषण होतं. मी पहिल्या रांगेत. टाळ्या वाजवायला मीच सुरुवात केली. फार सुंदर बोलले. परत येताना आम्ही दोघं संगंच आलो, गप्पा मारत. फाटकापाशी ते आत गेले. मी गल्लीकडं वळलो. वळताना म्हणालो, "भाषण झकास झालं, गुरुजी."

मुलगी शाळेत जात होती. पहिल्या पाचात येत होती. मी स्वतःला सांगायचो, दाराचं काय एवढं, पोरगी तर शिकून राह्यली. असं रोज सांगावं लागायचं, यातच काय ते आलं.

मग माय आली.

न कळवता आली. एस.टी.नं. डोक्यावर गाठोडं, त्यात हातसडीचे तांदूळ, वाळवलेली भाजी. गावात मी फुशारकी मारून ठेवली होती, मोठ्या गुरुजींच्या घरी राहतो म्हणून. तिला वाचता येत नव्हतं, पण विचारता येत होतं. विचारत विचारत ती गुरुजींच्या घरी आली. म्हणजे समोरून. फाटक उघडून, अंगणातून, चपला वाजवत.

माझी माय कोण होती हे सांगायला पाहिजे. आमच्या गावात पाटलाच्या घरावरून जाताना आमची माणसं चपला हातात घेत. माझा बाप घ्यायचा. बापाचं पाहून मी घ्यायचो. छप्पन साली आमच्या लोकांनी धर्म बदलला, तेव्हा माय आरमोरीच्या बाजारातून नवी चप्पल घेऊन आली. आणि पाटलाच्या घरावरून ती पायात घालून गेली. गावातली पहिली बाई. मी तिच्या मागं. मी सवयीनं वाकलो आणि चप्पल काढून हातात धरली. तिनं पाठीत असा धपाटा घातला की अजून आठवते. म्हणाली, "चप्पल पायाची असते. हाताची नाई."

मी दुपारी जेवायला घरी येत होतो. रस्त्यावरूनच दिसलं. समोरच्या ओट्यावर माय बसलेली. शेजारी गुरुजींची आई. दोघी म्हाताऱ्या सुपारी कातरत होत्या. कसल्यातरी गोष्टीवर हसत होत्या.

मायला पाहून आनंद व्हायला पाहिजे होता ना? पहिला विचार काय आला? हिला इथं कोणी बसू दिलं?

हा विचार माझा. गुरुजींचा नाही.

तेवढ्यात गुरुजी आतून आले. मायला पाहिलं, मला पाहिलं. हळू आवाजात आईला म्हणाले, "आई, त्या मागच्या आहेत."

म्हातारी म्हणाली, "मग काय झालं?"

समजावता येत नाही ती म्हातारी हीच. तीन शब्दांत तिनंच समजावून टाकलं. आडवी आलेली आई कधी नव्हतीच.

गुरुजी माझ्याकडं वळले. तेच गोड हसू. "घेऊन जा," म्हणाले.

आणि मी घेऊन गेलो.

गुरुजींनी हात धरला नाही मायचा. मी धरला. ओट्यावरून उठवलं, गाठोडं उचललं, फाटकाबाहेर काढलं आणि घराला वळसा घालून त्या गल्लीच्या तोंडाशी आणलं. गल्लीत तिनं पाहिलं. उघडी झाकणं पाहिली, टोकाचं आमचं दार पाहिलं. मग ती खाली वाकली. पायातल्या चपला काढल्या. हातात घेतल्या. अनवाणी चालू लागली, त्या घाणीतून.

"माय, चप्पल घाल. इथी घाण आहे."

"ह्या गल्लीची रीत मले माहीत आहे, बाबू."

बायकोनं तिच्या पायावर पाणी घातलं. पाणी काळं होऊन गेलं. माय भिंतीला टेकून बसली. चपला शेजारी ठेवल्या.

मी जेवायला बसलो. हेही लिहितो. भूक लागली होती, ताट वाढलेलं होतं, दोन घास खाल्ले. मध्येच नजर तिकडं गेली. चपला स्वच्छ होत्या. घाण तिच्या पायांनी घेतली होती.

तिसऱ्या घासाला हात थांबला. ताटावरून उठलो आणि अंगणाकडचं, पलीकडून कडी लावलेलं दार ठोकलं.

"गुरुजी, कडी काढा."

पलीकडून आवाज आला, "मागून या ना."

"नाई. कडी काढा."

मी पुन्हा ठोकलं. जोरात. शेजारच्या गच्चीवर बाया आल्या असाव्यात, कारण कडी लगेच निघाली. गुरुजी दारात. "हळू बोला. आई झोपली आहे."

ओट्यावरून म्हातारी म्हणाली, "मी जागी आहे रे."

मी म्हणालो, "आम्ही बौद्ध आहो, गुरुजी. तुम्ही विचारलं नाई, मी सांगितलं नाई. आज सांगतो. खोली सोडून राह्यलो. सामान समोरून नेईन."

गुरुजींना खरंच वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणाले, "सगळे नाही म्हणत असताना मी तुम्हाला खोली दिली. विसरलात?"

ते खरं होतं; त्या मोहल्ल्यातल्या बाकी फाटकांवरून मी परत आलो होतो. म्हणूनच इतके दिवस गिळलं होतं.

"खोली दिली," मी म्हणालो. "दार नाई दिलं."

माझा आवाज वाघासारखा निघाला असं सांगायला आवडलं असतं. शेळीसारखा निघाला. पण निघाला.

हातगाडी समोरच्या फाटकाशी लावली. ट्रंक, स्टोव्ह, गाद्या, पोरीचं दप्तर, सगळं अंगणातून नेलं. रस्त्यावर माणसं उभी राहून पाहत होती. सगळ्यात शेवटी माय निघाली. चपला पायात. फरशीवर फटक फटक वाजवत. ओट्यापाशी थांबली. म्हातारीला म्हणाली, "येतो बाई." म्हातारी म्हणाली, "ये." फाटक मी बंद केलं नाही.

दादाकडं पोचलो तेव्हा तो पाळीवरून नुकताच आला होता, तोंड कोळशानं काळं. गाडी पाहून त्याला सगळं समजलं. दारातून बाजूला झाला आणि म्हणाला, "या सायेब! समोरून या का मांगून या. आपल्याकडं दार एकच आहे."

सगळे हसले. मायसुद्धा. मीही हसलो, पण माझं हसू मध्येच अडकलं.

संध्याकाळी बायको दोरीवर कपडे वाळत घालत होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो. मायला मी स्वतः मागं नेलं, हे तिनं पाहिलेलं नव्हतं. ते सांगितलं. सेपरेट दरवाजाचंही सांगितलं, चपलेपासून सगळं. मला वाटलं होतं ती रडेल, नाही तर भांडेल. तिनं ओलं लुगडं पिळलं, झटकलं, दोरीवर टाकलं.

"मले पयल्याच दिवशी समजलं होतं," ती म्हणाली. "तुमी कवा तोंड उघडता तेच पाहून राह्यली होती."

काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मंग आता इथीच राहू. दादाच्या शेजारी. आपली माणसं आहेत."

ती वळली.

"आन् पोरीची शाळा? शाळा काय गुरुजीच्या बापाची आहे? उद्या त्याच मोहल्ल्यात खोली पाह्याले जाऊ. मी येतो संग. फाटकावरूनच सांगू कोण आहो ते. मंग दार पाहू. मंग खोली. आन् तुमी चप्पल काढाची नाई."