कांबळेकाकांची मोटर आणि माझा कंट्रोलर

गेल्या मंगळवारी मार्केट यार्डाजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मी चांगलीच तोंडावर आपटले.

तिथे कॉम्प्रेसर चालवणारी एक जुनी, दांडगी सिंक्रोनस मोटर आहे. हिचा गुण असा, की फील्डचा, म्हणजे तिच्यातल्या चुंबकाचा, करंट वाढवला की ती स्वतःचं काम करता करता बाकीच्या मोटरींनी बिघडवलेला पॉवर फॅक्टरही, म्हणजे घेतलेल्या विजेतली किती खरी कामी लागते तो आकडाही, सावरते. तो करंट कांबळेकाका ठरवायचे... कित्येक वर्षं, मेन मीटरकडे बघत, हाताने चाक फिरवून.

मी तिथे ऑटोमॅटिक कंट्रोलर बसवला. वर मालकांना सांगूनही टाकलं, की आता ऑपरेटरची गरज नाही. काका शेजारीच उभे होते, त्यांची धाकटी अजून शिकतेय हेही मला ठाऊक होतं. तरी बोलले.

मंगळवारी मालक काम बघायला येणार होते. कंट्रोलरवर आकडा झकास, पण मेन पॅनेलचा मीटर जागचा हलेना! सेटिंग बदलली, वायरिंग तपासलं, लॅपटॉप दोनदा बंद-चालू केला... ढिम्म.

काका चहा घेऊन आले, थोडा वेळ बघत राहिले. "मॅडम, रागावणार नसाल तर सांगू? तुमच्या डब्याला तुम्ही नुसती मोटरच दाखवलीय. अहो, तिला अख्खा प्लांट सांभाळायचाय, तो दाखवा की."

झालं! करंट मोजणारी सीटी, म्हणजे सेन्सरची कडी, मी मेन लाइनऐवजी मोटरच्याच केबलवर चढवली होती. कंट्रोलर बिचारा एकट्या मोटरचा पॉवर फॅक्टर सुधारत बसला होता. आणि हे मी कॉलेजात शिकवते... शाब्बास!

काकांनी मेन बंद केला, आम्ही सीटी हलवली, त्यांनी मोटर पुन्हा चालू करून दिली. मेनचा मीटर हळूहळू वर चढला.

ते गप्प बसले असते तर माझी फजिती झाली असती आणि त्यांची नोकरी टिकली असती. मी तसं विचारलंच. म्हणाले, "मोटर चुकीची चाललेली बघवत नाही हो." मला फार लाज वाटली.

मालक आले, मीटर बघून खूश झाले. मी म्हटलं, चूक माझी होती, ती यांनी पकडली. ऑपरेटरची गरज नाही, हे माझं म्हणणं मी मागे घेते.

"तसं लेखी द्या," मालक म्हणाले.

तिथेच, उभ्या उभ्या लिहून सही केली. स्वतःची चूक इतक्या आनंदाने मी आजवर कधीच लिहून दिली नव्हती.