ओट्यापुरता आवाज

आमच्या गावात वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. आषाढी पौर्णिमेला सुरुवात, आश्विन पौर्णिमेला खीर वाटून समाप्ती. जो वाचायला बसला त्यानंच शेवटपर्यंत वाचायचं, अशी आमच्याकडची रीत. ती कुठे लिहून ठेवलेली नाही, पण मोडायची कुणाची छाती होत नाही. माझे यजमान कंपनीतून रिटायर झाल्यापासून वाचायची जागा त्यांची.

नोकरीत असताना त्यांना कुणी छंद विचारला असता तर झोप म्हणाले असते. पहाटे आटगाव स्टेशन गाठायचं आणि अंधार पडल्यावर किन्हवलीची शेवटची जीप पकडून परतायचं, त्यात आयुष्य गेलं. पण वाचनाला बसायला लागले आणि माणूस बदलला. दुपारी ओट्यावर बसून संध्याकाळची पानं मोठ्यानं वाचून बघायचे, कुठे थांबायचं ते ठरवायचे. मी पलीकडे गोधडी घालत बसायची. जुन्या साड्या लावायच्या, टाके घालायचे, मध्येच "अहो, जरा हळू, शेजारची म्हैस दूध चोरेल" असं म्हणायचं. ते आणखी आवाज चढवायचे.

विहारातला माईक आणि स्पीकर त्यांच्या दोस्ताचा. शाळेपासूनची मैत्री. शेजारच्या आळीतला शेतकरी माणूस, भाताला जोड म्हणून लग्नाबिग्नाला मंडप आणि स्पीकर देतो. घरी दीड दिवसाचा गणपती बसतो, पण तीन महिने रोज संध्याकाळी विहारात स्पीकरच्या मशीनपाशी मांडी घालून हजर. एक पैसा घेत नाही. ग्रंथातले प्रसंग त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत.

त्या वर्षी श्रावणात यांचा घसा बसला. बसणारच, असं मला वाटलं. पावसाळी हवा आणि त्यात रोजचं वाचन. ज्येष्ठमध चघळायचे, हळदीचं दूध प्यायचे. दुपारचं मोठ्यानं वाचणं बंद झालं. "संध्याकाळसाठी घसा राखतो," म्हणाले. घरात बोलणं कमी झालं तेव्हा मी मनातून थोडी खूशच होते, खोटं कशाला सांगू. संध्याकाळी विहारात मात्र स्पीकरमधून आवाज मागच्या भिंतीपर्यंत नीट यायचा, त्यामुळे काळजी करण्यासारखं काही आहे हे डोक्यातच आलं नाही.

भाद्रपद संपत आला होता. वाचन रंगात आलेलं आणि लाइट गेली. मशीन बंद पडलं. कुणीतरी कंदील लावून यांच्या पुढ्यात ठेवला. यांनी पान सोडलं नाही, तसेच वाचत राहिले. मी बायकांत मागच्या भिंतीला टेकून बसले होते. माझ्यापर्यंत काहीच आलं नाही. ओठ हलत होते. पुढच्या ओळीतला एक म्हातारा कानाला हात लावून पुढे सरकला, तरी त्यालाही ऐकू येईना. घशातून नुसती हवा येत होती. आणि कंदिलाच्या उजेडात मी मशीनपाशी बसलेल्या माणसाकडे पाहिलं, तर तो मान खाली घालून बसला होता. त्याला आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

सगळे पांगल्यावर मी त्याला विहाराच्या पायरीवर गाठलं.

"भाऊजी, कधीपासून आवाज वाढवताय यांचा?"

तो वायर गुंडाळत होता. "श्रावणापासून, वयनी. रोज थोडा थोडा."

"आनी मला सांगावंसं नाय वाटलं?"

"त्यानं मला बांधून घेतलेलं. म्हनला, पुनवेपर्यंत वाचू दे, रीत मोडायला नको, मग दाखवतो डॉक्टरला. मी म्हटलं, जाऊ दे, तीन महिन्यांचं तर हाय."

"तीन महिने." मी एवढंच म्हणाले. मग जे तोंडाला आलं ते बोलले. "उद्यापासून माझ्या अंगणात पाय ठेवू नका."

तो वायर गुंडाळत राहिला. यजमान मागे उभे होते. त्यांच्याशी भांडायची सोय नव्हती, कारण त्यांना उलट बोलता येत नव्हतं.

मला राग आला होता हे खरं, पण रागाखाली भीती होती आणि तीच जास्त खरी होती. कंपनीत असताना यांना तंबाखूची सवय होती. सोडून बरीच वर्षं झाली, तरी घसा म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे तंबाखूची पुडीच यायची. शहापूरच्या डॉक्टरांनी औषध दिलं, गुण आला नाही. मग कल्याणला घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दुर्बीण घालून पाहिलं, गाठ दिसतेय म्हणाले, आणि पुढच्या खेपेला तुकडा काढून तपासायला पाठवला. उत्तर पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मिळणार होतं. तोवर पूर्ण मौन. कुजबुजायचंही नाही, त्यानं घशाला आणखी त्रास होतो.

बोलायची बंदी झाल्यावर यांनी एक स्टीलचा पेला आणि चमचा जवळ घेतला. एकदा वाजवला की पाणी, दोनदा की चहा. लांबवर वाजवला की मी कुठे आहे ते विचारतायत. सगळ्यात जास्त वेळा ते तसंच वाजवायचे.

तसा आश्विन मी दुसरा पाहिला नाही. हस्ताचा पाऊस सरला आणि आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ झालं. माहुलीचे सुळके ओट्यावरून मोजता येतील इतके जवळ दिसायला लागले. सकाळी गवतावर दव, दुपारी चटका, संध्याकाळी अंगावर घ्यावीशी वाटणारी उन्हं. लवकर येणारं हळवं भात कापून झालं होतं, उशिराचं गरवं अजून उभं होतं आणि वारा आला की त्याचा वास घरात यायचा. सगळं इतकं छान होतं की मला त्याचाच राग यायचा. गोधडी घ्यायची, सुई हातात धरायची आणि दोरा काही ओवला जायचा नाही. मग हे उठून यायचे, सुई घ्यायचे, दोरा ओवून द्यायचे आणि परत जाऊन बसायचे. नवऱ्याला सुई ओवता येते हे मला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कळलं.

दोस्त रोज यायचा. अंगणात पाय ठेवू नका म्हणाले होते, तर कुंपणाबाहेर उभा राहायचा. हे पेला खाली ठेवून जायचे आणि दोघं कुंपणाच्या अल्याड-पल्याड उभे राहायचे. एकाला बोलायचं नव्हतं आणि दुसऱ्याला काय बोलावं ते सुचत नव्हतं. मी ओट्यावरून बघायची. बोलवावंसं वाटायचं, पण तोंड उघडायचं नाही. श्रावणात कळलं असतं तर, एवढा एकच विचार डोक्यात घुमायचा.

वाचनाचं काय, हा प्रश्न होताच. गावातली मंडळी घरी आली. म्हणाली, रीत मोडायची नसेल तर घरातल्या माणसानं वाचावं. घरात मीच. शिक्षण सातवीपर्यंतचं, तेही चष्मा नसतानाचं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं तर आतून पेला वाजला. एकदा नाही, दोनदा नाही, खणखण वाजतच राहिला. मंडळी हसली आणि माझी बोलती बंद झाली.

म्हणून मी वाचायला बसले. अडखळत, बोट ठेवून. माईक पुढ्यात आणि उजव्या हाताला, हातभर अंतरावर, ज्याच्याशी अबोला धरलाय तो माणूस. पहिल्या दिवशी मी पुस्तकातून मान न काढता म्हणाले, "माझा आवाज वाढवायचा नाय." तो म्हणाला, "तुमचा कमीच करावा लागतोय, वयनी." मागे बायका खुसखुसल्या. मला हसू आलं, ते मी गिळलं. एरवी शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारणारी मी. पण घरी आल्यावर रोज तीच भीती, आणि पौर्णिमा एकेक दिवसानं जवळ येत होती.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. जीपसाठी फाट्यावर आलो तर तो आधीच तिथे, इस्त्रीचा शर्ट घालून. कुणी बोलावलं नव्हतं. जीपमध्ये पुढे बसला, लोकलमध्ये समोर बसला, कल्याणला आमच्या मागे चार पावलं अंतर ठेवून चालला. दवाखान्यात मात्र आत आला नाही. रस्त्यापलीकडे एका झाडाखाली जाऊन उभा राहिला.

डॉक्टरांनी आधी बसा म्हटलं. यांनी माझं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. मग डॉक्टर म्हणाले की कॅन्सर नाही. आवाजाच्या पडद्यांवर साध्या गाठी आहेत, दमलेल्या घशावर जोर दिल्यामुळे वाढल्यात. पुढचा महिना असंच मौन ठेवायचं. आवाज परत येईल, पण पूर्वीसारखा येईलच असं नाही. तीन महिन्यांचं वाचन यापुढे विसरायचं.

मी रडले नाही. मला फक्त सगळीकडचे आवाज एकदम ऐकू यायला लागले, पंखा, बाहेरची रिक्षा, कुणाचं तरी मूल. बाहेर आलो. पलीकडे तो झाडाला पाठ लावून उभा होता, आमच्या चेहऱ्यांवरून काही कळतंय का ते बघत. यांनी हात हलवला, पण लांबून तो हात 'ये' म्हणतोय की 'संपलं' म्हणतोय ते त्याला उमगेना. तो जागचा हललाच नाही. यांना ओरडून सांगता येत नव्हतं. यांनी माझ्याकडे पाहिलं.

मग मीच रस्ता ओलांडला. "भाऊजी," मी म्हटलं, "काय नाय तसलं. साध्या गाठी हायत."

तो झाडाखालच्या कट्ट्यावर बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी रोज वाढवत गेलो, वयनी," म्हणाला. "रोज वाटायचं, आज तुमाला सांगतो."

"उठा," मी म्हटलं, "घरी चला. अंगणात या." याहून जास्त गोड बोलणं मला येत नाही.

दुसऱ्या दिवशी खीर झाली. समाप्तीची पानं मीच वाचली आणि हे दोघं मशीनपाशी शेजारी शेजारी बसले होते.

मौनाचा महिना सरला तेव्हा गरवं भातही घरात आलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, आता थोडं थोडं बोला. संध्याकाळी आम्ही तिघं ओट्यावर होतो. उन्हं उतरली होती, माझी गोधडी शेवटच्या पट्टीला आली होती. दोस्त आणि मी टक लावून बसलो होतो आणि हे उगाच आम्हाला ताटकळत ठेवत होते. पेला उचलला, परत ठेवला. मग म्हणाले, "चहा ठेव गो."

आवाज बारीक होता, फाटलेला. विहाराच्या पहिल्या ओळीपर्यंतही गेला नसता. दोस्ताचा उजवा हात सवयीनं पुढे गेला आणि जिथे काहीच नव्हतं तिथे बोटांनी बटण फिरवलं.

"राहू द्या, भाऊजी," मी म्हटलं. "इथपर्यंत पोचतोय."

आणि मी चहा ठेवायला उठले.