फोटोत घातलेला प्राण

ह्यांच्या श्राद्धाच्या दिवशी नातीनं ह्यांना टीव्हीवर हसवलं. सानपाड्याच्या आमच्या हॉलमध्ये, पानं वाढलेली असताना! फोटो भिंतीवरचाच, पण त्यात ह्यांनी पापण्या लववल्या, मान वळवली आणि बत्तीसच्या बत्तीस दात काढले. सुनेनं डोळ्यांना पदर लावला. मुलगा म्हणाला, "अगदी जिवंत!" मी खिरीची वाटी आदळलीच.

ह्यांचा पुढचा दात लग्नाआधीच पडला होता. त्या लाजेनं हा माणूस जन्मभर ओठ मिटून हसला. हसू आलं की डावी भुवई वर जायची, बस्स. आणि नवी नवरी मी एवढी शहाणी, की उठता-बसता म्हणायची, "अहो, जरा हसा की! तुमच्यापेक्षा फोटो बरा." स्वतःला मोठी विनोदी समजायची, आणि हे हसत नाहीत म्हणून रुसून बसायची. भुवई वर गेलेली दिसायची नाही बयेला!

"हा कोण माणूस?" मी विचारलं.

"आजी, ॲनिमेशन आहे ते." नात तेच शिकते. मग मलाच शिकवू लागली. मूळ लॅटिन शब्द ॲनिमा. म्हणजे श्वास, प्राण. ॲनिमेट करणं म्हणजे प्राण घालणं.

"अगं, गणपतीत प्राण आणायचे तर आधी हात जोडून बोलावतात. तू कोणाला विचारलंस?"

"टेन्शन नको ना घेऊस. कार्टून पण ॲनिमेशनच असतं."

"मग कार्टूनच म्हण आजोबांना!"

ती हळूच म्हणाली, "आजोबा गेले तेव्हा मी बालवाडीत होते. मला ते हसताना आठवतच नव्हते. आता आठवतात."

आता मात्र माझं डोकं पुरतं फिरलं. आठवतात म्हणे! एका भुवईवर मी अख्खा संसार केला, आणि पोरीच्या डोक्यात कायमचा राहणार हा टूथपेस्टच्या जाहिरातीतला!

तिला समोर बसवलं. ओठ घट्ट मिटले, डावी भुवई चढवली. "असे हसायचे." ती खो खो हसली. म्हटलं, "हसू नकोस, करून दाखव." तिची उजवीच वर जाते. "डावी गं, डावी!" जमेपर्यंत पानावरून उठू दिलं नाही.

मग देवघरातून अक्षता आणल्या. बोलावलेल्या प्राणाला निरोपही द्यावा लागतो. त्या टीव्हीवर टाकल्या, आणि मूर्ती हलवतात तसा टीव्ही जरासा सरकवला.

"आई, पडेल तो!" सून किंचाळली.

गणपतीला आपण पुढच्या वर्षी लवकर या म्हणतो. ह्या दातवाल्याला मी तसलं काही म्हटलं नाही.