चिखलदऱ्याचे चार दिवस आणि न निघणारं एक वाक्य

चिखलदऱ्याला लोक हवा खायला जातात. आम्ही मायलेकी गेलो त्या ध्यान शिकायला. साल त्रेसष्ट, दिवाळीची सुट्टी. मी अकोल्यात प्राथमिक शाळेत मास्तरीण होते, वय बावीस, लग्न व्हायचं होतं आणि जीभ तेव्हाही तिखटच होती. वलगावच्या विहारातले एक वयस्कर भंतेजी चिखलदऱ्याच्या शाळेत मैत्री भावनेचं शिबिर घेणार, असं कळलं आणि मी लगेच नाव दिलं. पोरगी एकटी घाट चढणार हे ऐकताच माय म्हणाली, "मीबी येते." मला ते नकोच होतं, कारण ज्या गोष्टीचा निकाल लावायला मी निघाले होते ती गोष्ट मायचीच होती.

ती आधी सांगते, नाहीतर पुढचा प्रवास तुम्हाला नुसता बस आणि भाकरीचा वाटेल.

छप्पन्न साली आमच्या वस्तीने धम्मदीक्षा घेतली. घरोघरचे देव टोपल्यांत भरून मोर्णा नदीत सोडले. मायनेही आमचे देव स्वतःच्या हाताने दिले. मागे ठेवला फक्त कमळीचा टाक. कमळी माझी थोरली बहीण, माझ्या जन्माआधीच दोन वर्षांची होऊन गेलेली. टाक म्हणजे गेलेल्या माणसाची चांदीच्या पत्र्यावर उठवलेली मूर्ती, देवांत ठेवायची. एवढ्याशा लेकराचा टाक आमच्यात कुणी करत नसे. मायने पायातली जोडवी मोडून, घरच्यांशी भांडून तो करवला होता. तिने तो फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या कणगीत लपवला, हे मी पाहिलं. मी पंधरा वर्षांची, नव्या विचाराने पेटलेली. आपल्याच घरात चोरून देव पुजला जातोय म्हणजे काय! माय कापूस वेचायला गेली तशी मी कणगीत हात घातला, पळत नदीवर गेले आणि टाक फेकून दिला.

संध्याकाळी मायने कणगीत हात घातला, कोपरापर्यंत चाचपला, बाहेर काढला आणि चूल पेटवली. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलायची, आणि कमळीचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. देव सोडल्याचा पस्तावा मला तेव्हाही नव्हता, आजही नाही. पस्तावा त्या एका टाकाचा. सात वर्षं तो माझ्या घशात होता.

तर प्रवास. पहाटेच्या पॅसेंजरने अकोल्याहून बडनेरा, तिथून टांग्याने अमरावती. टांगेवाल्याशी दोन आण्यांवरून माझी हुज्जत झाली आणि मी हरले. अमरावतीहून परतवाड्याची बस. वलगावला भंतेजी चढले, हातात एक पिशवी, पायात टायरच्या चपला. माणूस मूळचा वरूडकडचा, आयुष्यभर संत्र्यांच्या बागेत मजुरी केलेला. बसताच त्यांनी पिशवीतून संत्री काढून अख्ख्या बसला वाटली. माय आणि मी शेजारी बसून एकेक फोड खात होतो आणि दोघी वेगवेगळ्या खिडक्यांतून बाहेर बघत होतो.

परतवाड्याला उतरून भाकर, ठेचा आणि कांदा खाल्ला. आमच्याच शिदोरीचा, त्यामुळे खर्च फक्त चहाचा. पुढच्या घाटात मात्र खाल्लेलं सगळं वर आलं. रस्ता एका गाडीपुरता, एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. एका वळणावर बस एका दमात वळेना, म्हणून ड्रायव्हरने ती मागे घेतली. मागचं चाक कुठवर आलं हे बघायला कंडक्टर खाली उतरला आणि ओरडला, "अजून येऊ द्या! अजून!" बसमधल्या बायांनी डोळे मिटले. मायने माझं मनगट धरलं. सात वर्षांत पहिल्यांदा. बस वळली आणि तिने हात काढून घेतला, पदराला पुसला. मला ते फार लागलं.

शाळेच्या दोन खोल्या, एकीत बाया, एकीत पुरुष, खाली बांबूचे तट्टे अंथरलेले. पांघरुणं घरून नेली होती तरी थंडी हाडात शिरे. तुम्ही जाणार असाल तर घोंगडी न्याच, तिथल्या हवेवर भरवसा ठेवू नका. जेवायला वरण-भात आणि गवळ्यांकडचं दूध, इतकं दाट की मी दोन पेले प्यायले आणि ध्यानात पेंगले.

ध्यान सोपं होतं. म्हणजे ऐकायला. डोळे मिटायचे, श्वासाकडे बघायचं आणि मनात म्हणायचं, मी सुखी होवो, मी वैरमुक्त होवो. ते नीट बसलं की मग आवडत्या माणसासाठी, मग अनोळख्यासाठी, मग ज्याच्याशी आपलं जमत नाही त्याच्यासाठी, शेवटी सगळ्यांसाठी. मला वाटलं होतं, अवघड पायरी चौथी असेल. माझी गाडी पहिलीलाच अडली. 'मी सुखी' म्हणायला जावं की कणगीत शिरणारा मायचा हात दिसे. डोळे उघडले की समोरच्या रांगेत मायची पाठ, ताठ.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भंतेजींना गाठलं. ते विहिरीवर चीवर धूत होते.

"भंतेजी, पहिलं वाक्य सोडून पुढे गेले तर चालेल?"

"काहून? तेच काहून सोडतं?"

"मी त्या लायकीची नाही. मी एक गुन्हा केलाय."

"मंग गुन्ह्याले गुन्हा म्हन. शिव्या काहून देऊन राहिली सोताले?" त्यांनी चीवर पिळलं. "किती वर्षं देल्या?"

"सात."

"त्यानं काही वापस आलं?"

मी नकारार्थी मान हलवली.

"सोताच्या माठात थेंब नाही, अन् गावाले पानपोई लावाले निघाली! ज्याचं वाईट केलं त्याले जाऊन सांग. सांगतानीबी सोताचा हात धरून ठेव, भेलेल्या लेकराचा धरतो तसा. कोनी माफ करो का न करो, हात सोडू नोको."

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे भीमकुंड बघायला गेलो. दरीच्या तोंडाशी पाण्याची धार खाली पडते, तळ दिसत नाही. माय सगळ्यांच्या पुढे, अगदी कडेला जाऊन उभी राहिली. मी म्हणाले, "माय, मागे हो." ती हलली नाही. मागून बाया हसत-बोलत येत होत्या. ही वेळ गेली तर पुन्हा सात वर्षं जातील, असं वाटलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"कमळीचा टाक मी फेकला, माय. वस्तीतल्या कुणी नाही, मी. मला माहीत होतं तो कुणाचा ते."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने असतं तर बरं झालं असतं. तिने नुसतं पाहिलं, पदर डोक्यावर घेतला आणि शाळेच्या वाटेला लागली. त्या दिवशीच्या बैठकीत ती शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसली. मी भंतेजींनी सांगितल्याप्रमाणे स्वतःचा हात धरायचा प्रयत्न केला. खरं सांगते, जमला नाही. पण त्या दिवशी स्वतःला शिवीही दिली नाही, आणि एवढंही माझ्यासाठी नवं होतं.

चौथ्या दिवशी परतलो. घाट, परतवाडा, अमरावती, बडनेरा. इतक्या वाटेत माय एक शब्द बोलली नाही. बडनेऱ्याच्या फलाटावर मी भजी आणली, तिने पुडा हातात धरून ठेवला, उघडला नाही. गाडी दीड तास लेट. त्या दीड तासाइतका लांब वेळ मी नंतर कधी दवाखान्याच्या बाकावरही काढला नाही.

चिखलदऱ्याचं काय लक्षात राहिलं, असं नात विचारते. आता रस्ते रुंद झालेत, हॉटेलं झालीत, कॉफी मिळते, जरूर जा. पण माझ्या लक्षात राहिलं ते घरी पोचल्यावरचं.

दुपार होती. मायने कुलूप काढलं, घोंगड्या खाली टाकल्या आणि उंबऱ्यातच बसली.

"तुले काय वाटते, मी तुह्यावर राग धरून होती?"

"मग? बोलत का नव्हतीस?"

"टाक गेला अन् मले बरं वाटलं, पोरी." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "कमळीले ताप होता. मजुरी बुडंल म्हनून मी तिले शेताच्या बांधावर, धुऱ्यावर निजवलं अन् कापूस वेचाले गेली. आली तं लेकरू थंड. रोज त्या टाकाले हात लावला की तोच धुरा दिसे. कनगीत हात घातला, टाक नाही, अन् मले हलकं वाटलं. मंग सोताचीच किळस आली. असी कसी माय वं मी? तुले काय विचारू? कोन्या तोंडानं?"

मला रडू आलं, आणि रागही आला, तिचा नाही, त्या सात वर्षांचा. एकाच छपराखाली दोघी स्वतःला फाडून खात होतो आणि दोघींना वाटत होतं, समोरची आपल्याला खातेय.

"शिबिरात मी नुसते ओठ हालवले," माय म्हणाली. "पयलं वाक्य निघतच नव्हतं."

"माझंही नाही निघालं."

"मंग दोघी गेलो कायले?" ती हसली. हसताना तिचे डोळे भरले.

मी तिच्याशेजारी उंबऱ्यावर टेकले. रस्त्यावरून लोक जात-येत होते, पण तिने तिथेच डोळे मिटले. बराच वेळ श्वास घेत बसली. "मी," म्हणाली आणि थांबली. पुन्हा "मी," आणि पुन्हा थांबली. मी घाई केली नाही. मग ती एका दमात म्हणाली, "कमळीची माय सुखी होवो."

डोळे उघडून तिने माझं मनगट धरलं. "आता तू म्हन."